सत्तावीस दिवसांची सावड

मु. हिवरवाडी, ता. परळी
२१ डिसेंबर २००३

चि. राधाकिशन,

तुझा पत्ता दूध संस्थेच्या जुन्या वहीच्या पाठीवर सापडला. बारा वर्षांत घर बदललं असशील तर हे पत्र दिल्लीतल्या कुण्या परक्याच्या हाती पडायचं. पडू दे. यात लाजण्यासारखं काही नाही, निदान या पत्रात तरी.

आधीच सांगते, पैसे मागायला लिहीत नाही. कुणी गेलेलंही नाही. म्हैस व्याली, लिंबाची फांदी पडून न्हाणीचा पत्रा फुटला, बाकी सगळे जागच्या जागी आहेत. काम आहे म्हणून लिहिते, आणि ते तुझ्या परदेशी कर्जाच्या खात्याचं आहे.

आपल्या गावाला नळयोजना मंजूर झाली. पैसा परदेशी बँकेचा. दिल्लीनं कर्ज काढलं, दिल्लीनं मुंबईला दिलं, मुंबईनं बीडला आणि बीडनं आम्हाला. म्हणजे बघ, तू टेबलावर जो कागद पुढं सरकवतोस त्याचं दुसरं टोक इथं माझ्या ओसरीवर आलंय. बँकेच्या दोन अटी. गावानं दहावा हिस्सा आपला घालायचा आणि समितीत बायका पाहिजेत. मग काय, अर्जुनरावानं मला अध्यक्ष करून टाकलं. तुझ्या वर्गात होता तोच अर्जुन. आता सोसायटीचा चेअरमन झाला, म्हणून राव लावावं लागतं. म्हणाला, "आक्का, दूध संस्था तुमी चालविता, ह्ये बी चालवा. तुमाला काई करायचं न्हाई, नुसती सही करायची हाय." माझी सही इतकी स्वस्त आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आपल्या तलावाखालच्या विहिरीला या दुष्काळातही पाणी आहे. तुझ्याच एका पत्रातल्या कर्जातून तो तलाव झाला होता. आबा मरेपर्यंत त्याला राधाकिशनचा तलाव म्हणायचे. तिथून गावच्या टाकीपर्यंत तीन किलोमीटर चारी खणायची होती. निम्मा हिस्सा आम्ही रोख भरला, उरलेला अंगमेहनतीनं द्यायचा ठरला. पाऊस झाला नाही, रानात काम नाही, मग सगळं गाव सावडीला लागलं. बायका, गडी, वरच्या माळावरची मेंढपाळांची वस्ती, झाडून सगळे. दीड महिन्यात चारी झाली. इतकी सरळ चारी मी सरकारी कामात कधी बघितली नाही.

परवा बीडचे अभियंते आले. चारी बघून खूश झाले आणि म्हणाले, "हजेरीपट आणा." मी म्हटलं, कसला हजेरीपट? सावडीला कुणी हजेरी मांडतं का? दिल्लीत राहून विसरला असशील म्हणून सांगते. सावडीत आज मी तुझ्या रानात येते, उद्या तू माझ्या. कोण किती वेळ राबलं हे तोंडानं काढायचं नाही. जो मोजायला बसतो त्याच्या बांधावर पुढल्या साली कुणी बैल घेऊन येत नाही. आबांनी आपल्याला हेच शिकवलं. पण अभियंत्यांचं म्हणणं असं की कागद नाही म्हणजे मेहनत झालीच नाही. बारा मार्चला बँकेची माणसं तपासणीला येणार. तोवर हजेरी दिसली नाही तर दुसरा हप्ता बंद. म्हणजे पाइप येणार नाहीत आणि उन्हाळाभर गाव टँकरमागं पळणार.

अर्जुनरावानं लगेच तोड काढली. "कोरे कागद आनतो, समद्यांचे अंगठे घ्यू. दोन दिसाचं काम हाय." मी नाही म्हटलं. "कावून?" म्हणाला. मी सांगितलं नाही.

तुला एवढंच विचारायचंय. हे कर्ज तुमच्या हाताखालून जातं. कागदाऐवजी काम मोजून घ्यायची काही वाट असते का? हो किंवा नाही लिही. बाकी काही लिहायची गरज नाही.

तुझी आक्का


१८ जानेवारी २००४

चि. राधाकिशन,

तुझं पत्र आलं. टंकलेलं. बारा वर्षांनी भावानं बहिणीला टंकलेलं पत्र धाडावं, आणि खाली सही अशी की तालुक्याच्या बँकेनं परत करावी. "बँकेच्या तपासणी मिशनला कागद लागतो. मागील तारखांचे हजेरीपट तयार करून घ्यावेत. सर्वत्र असेच चालते. प्रकृतीस जपावे."

राधाकिशन, हे तू लिहितोस? तू?

मग आता ऐक. आबांच्या वर्षश्राद्धाला तू आलास ते साल १९९१. त्याच सुमाराला देशाचं सोनं विमानात घालून परदेशी ठेवायला नेलं होतं. त्यातल्या कुठल्याशा कागदाच्या नकला तू टंकल्या होत्यास, म्हणून आल्यापासून तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. पंगत बसली. अर्जुन गमतीनं म्हणाला, "काय बे राधाकिशन, देशानं दागिनं मोडलं म्हनं?" तू पत्रावळ बाजूला सारलीस. तुझे शब्द मला अजून पाठ आहेत. म्हणालास, "तुमच्यासारख्या गावांनी मोडायला लावले. न झालेली कामं कागदावर दाखवायची, न आलेली माणसं हजेरीत भरायची. त्या एकेका खोट्या नावाचं व्याज आम्ही तिकडं मान खाली घालून भरतो." हे बोलताना तू बघत होतास माझ्याकडं.

मी वरण वाढत होते. पातेलं खाली ठेवलं आणि आत गेले. तुझी गाडी निघाली तरी बाहेर आले नाही. शेजारची वच्छलाबाई दार वाजवून दमली, "अगं भाऊ चाललाय तुजा." तुला वाटलं आक्का रुसली, चार माणसांत अपमान झाला म्हणून. तू पत्र लिहिलं नाहीस, मीही नाही. पण मी रुसले नव्हते. कारण वेगळं होतं. ते आज लिहीत नाही.

त्याआधी तुझी पत्रं किती यायची, आठवतं? आबा पारावर बसून मला मोठ्यानं वाचायला लावायचे. कुठल्या धरणाला किती कर्ज मिळालं, किती वर्षांनी फेडायचं, पहिली किती वर्षं काहीच द्यायचं नाही. हिवरवाडीच्या लोकांना आपल्या आमदाराचं नाव सांगता येत नव्हतं, पण परदेशी बँका पाठ होत्या. एकदा आबांनी तुला विचारायला लावलं की एवढं कर्ज देतात तर आपण गहाण काय ठेवलं? उलट टपाली तुझं उत्तर आलं, "काही नाही आबा. देशाची पत." ते ऐकून पारावरची माणसं लई खूश झाली. आबा मात्र दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. का, ते मला माहीत होतं.

आणि आज तू म्हणतोस सर्वत्र असेच चालते. चालत असेल. पण तुझ्या पंगतीतल्या त्या वाक्यावर मी बारा वर्षं दूध संस्था चालवली. केशरबाई आपली सख्खी चुलती. तिनं दुधात पाणी घातलं तर मी तिचं दूध महिनाभर घेतलं नाही. आजही ती माझ्या दारावरून जाताना पदर तोंडावर ओढून घेते. तुझ्या त्या वाक्यापायी मी घरातलं माणूस तोडलं आणि तू ते वाक्य तिकडं कधी टाकून दिलंस ते कळवलंही नाहीस.

खोटा हजेरीपट होणार नाही. मी सही करणार नाही. दुसरी वाट शोधते.

आक्का


६ फेब्रुवारी २००४

चि. राधाकिशन,

तुझं उत्तर आलं नाही. नको येऊ दे. मी लिहिते, तू वाच.

अभियंत्यांना मी सिरसाळ्याच्या बाजारात गाठलं. विचारलं, झालेली चारी मोजत नाही म्हणता, मग नवी खणली आणि तिची रोजची हजेरी ठेवली तर? ते म्हणाले, "नवं काम आणि खरी हजेरी असेल तर धरू. पण सहाशे दिवसांची भरती लागेल बाई, आणि तीही बारा मार्चच्या आत." म्हणजे रोज वीस माणसं, महिनाभर. हे ऐकून मी घरी जाऊन गप बसेन असं त्यांना वाटलं असावं.

नवं काम कुठलं, ते मी आधीच ठरवलं होतं. वरच्या माळावरची वस्ती. अठरा घरं, चारशे मेंढरं. योजनेत ती वस्ती नाही, कारण माणशी खर्च बसत नाही म्हणे. मेंढरं माणसांत धरत नाहीत. गावच्या टाकीपासून वस्ती नऊशे मीटर. तिकडच्या पाइपाचे पैसे दूध संस्था देईल, तसा ठराव आम्ही बायकांनी केलाय.

शाळेपुढं ग्रामसभा घेतली. अर्जुनराव उभा राहिला. "आक्काला सही करायची लाज वाटतीया म्हनून गावानं दोनदा खनायचं व्हय? ही कुटली रीत?" लोक हसले. मलाही हसू आलं असतं, पण माझा जीव त्या सहाशेत अडकला होता.

वस्तीचा म्हातारा मुंजाजी मागं घोंगडीवर बसला होता. मी त्याला विचारलं, "मुंजाजीबुवा, आपल्या चारीला तुमच्या वस्तीतून रोज किती माणसं येत होती?"

"मोजली न्हाईत आक्का. सावड व्हती ना."

"आन नळ तुमच्या वस्तीला येनार हाय का?"

"न्हाई."

"मग आलतात कावून?"

"तुमी बोलीवलं," म्हणाला.

तेवढ्यात त्याची बायको रतनबाई मागून ओरडली, "पानी न्हाई तर न्हाई, पर माज्या सटवाच्या पायाचा अंगठा फुटलाय तुमच्या चारीत, त्याचं काय ते बोला!" सगळी सभा खो खो हसली, आणि त्या हसण्यातच माझं काम झालं. मी म्हटलं, दीड महिना ही माणसं आपल्या पाण्यासाठी खणत होती. त्यांची सावड कुणी फेडली? आपण बँकेला पत दाखवायला निघालो आणि घरच्या घरी सावड बुडवून बसलो. नऊशे मीटर खणू, त्यांची सावड फिटेल, बँकेची हजेरी भरेल आणि मला कोऱ्या कागदावर सही करावी लागणार नाही.

अर्जुनराव उठून गेला. त्याच्या मागं बरीच माणसं गेली. पहिल्या दिवशी चारीवर अकरा जण होतो. त्यातल्या नऊ दूध संस्थेच्या बायका. केशरबाई पण आली. माझ्याशी बोलली नाही, पण पाटी उचलली. संध्याकाळी मी वही काढली. संस्थेतल्या साखराबाईनं अंगठा उठवला आणि म्हणाली, "आक्का, सावडीला अंगठा देताना जीवावर येतंय बघ." माझ्याही जीवावर येत होतं. पण वही गावासाठी नाही, बँकेसाठी, असं सांगून मी तिला समजावलं.

वर मुरूम आहे, हातभर खाली काळा पाषाण. पहारीनं ठिणग्या उडतात. त्रेपन्न वर्षांची झाले मी, तुला माहीत असेलच. दोन्ही तळहातांना फोड आलेत, म्हणून अक्षर असं.

आक्का


१६ फेब्रुवारी २००४

राधाकिशन,

रोज दहा-पंधरा माणसं येतात. हे पत्र दमानं वाच.

काल हजेरी लिहीत होते. सटवा आला, रतनबाईचा मुलगा. म्हणाला, "आक्का, माजा भाऊ आज बाजाराला गेलाय. काल त्यानं दोगांचं काम केलंतं. लावू का त्याचं नाव?" किती साधी गोष्ट. मी जोरात ओरडले त्याच्यावर. एवढ्या जोरात की सगळ्यांनी पहारी थांबवल्या. बिचारा कावराबावरा झाला. त्याला कसं कळावं, मी कुणावर ओरडले ते.

१९७२ साली सिरसाळ्याच्या रस्त्याचं दुष्काळी काम निघालं, आबा तिथं मुकादम झाले. तू औरंगाबादला कॉलेजात होतास. इथं लोक परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खात होते, पोरं सरकारी सुकडीसाठी रांगेत उभी असायची आणि मी सासरहून कायमची परत आलेली, बावीस वर्षांची. आबांची नजर अधू, अक्षर जुळायला वेळ लागायचा. म्हणून हजेरी माझ्या हातची. हे तुला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

तुझं कार्ड आलं. खानावळीचे पैसे थकलेत, आठवड्यात भरले नाहीत तर नाव कमी करतील, परीक्षा जाईल. आबा ते कार्ड हातात धरून खडीच्या ढिगावर बसून होते. मग म्हणाले, "मुक्ते, आपल्या टोळीत एक नाव वाढीव लिही." मी विचारलं, कुणाचं? ते दुसरीकडं बघत म्हणाले, "त्याचंच लिही. चोरी दुसऱ्या कुनाच्या नावावर नको."

मी लिहिलं. राधाकिशन मोहनराव, हजर. दुसऱ्या दिवशी हजर. तिसऱ्या दिवशी हजर. सत्तावीस दिवस. पगाराच्या कागदावर तुझी सहीही मीच केली, तुझ्यापेक्षा चांगली. तू परीक्षा दिलीस, पहिल्या वर्गात आलास, दिल्लीला गेलास. तिथून लिहिलंस की गहाण फक्त पत ठेवलीय. आता कळलं ना आबा दोन दिवस का बोलले नाहीत?

म्हणून तू पंगतीत बोललास तेव्हा मला वाटलं, तुला कळलंय. कुठून तरी कळलंय आणि तू आबांच्या श्राद्धाला सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर मारतोयस. मी बाहेर कुठल्या तोंडानं यायचं होतं? पुढं कित्येक दिवसांनी लक्षात आलं की तुला काहीच ठाऊक नाही. तू आपला सगळ्या गावांना शिव्या घालत होतास. पण तोवर सांगायची वेळ गेली होती, आणि खरं सांगू, हिंमतही गेली होती.

अजून एक राहिलं. टोळीत पन्नासच नावं बसायची. एक्कावन्नाव्याला परत जावं लागे. तुझं नाव चढलं त्या दिवसापासून एका बाईला आम्ही परत पाठवू लागलो. नवी नवरी होती, मेंढरं दुष्काळात मेलेली. रोज यायची, रोज आबा सांगायचे टोळी भरली. मग ती नऊ मैलांवरच्या दुसऱ्या कामावर पायी जायची. ती रतनबाई.

आज दुपारी भाकरी खाताना मी तिला सगळं सांगितलं. एकतीस वर्षं पोटात ठेवलेलं. तिनं भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं. म्हणाली, "मला ठावं हाय की. हजेरी पुकारायचे तवा आमी थितंच हुबं ऱ्हायचो. राधाकिशन म्हनलं की तूच हळू आवाजात हजर म्हनायचीस. त्यो काई तिथं दिसत नव्हता."

मी म्हटलं, "मग बोलली का न्हाईस इतक्या वर्सांत?"

"काय बोलायचं? शिकायला गेलतं पोरगं." भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि तिनं विचारलं, "शिकला का गं त्यो?"

तुझं ते टंकलेलं पत्र माझ्या पेटीत आहे. ते वाचून मी तिला काय सांगू?

म्हणून आता मागते. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडं काही मागते. तुझ्या नावावर सत्तावीस दिवस आहेत. पगार उचललेला आहे, काम झालेलं नाही. आबा गेले, त्यांचा वाटा मी खणतेय. तुझा तू खण. चारी रतनबाईच्याच वस्तीला चाललीय. पहार आहे, पाटी आहे, भाकरी मी घालीन. ये.

आक्का


२७ फेब्रुवारी २००४

राधाकिशन,

तुझी मनीऑर्डर आली. सत्तावीस दिवसांचे पैसे, आजच्या रोजगारानं, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. मी घेतली नाही. आपला टपालवाला विठ्ठलराव म्हणाला, एवढे पैसे परत करणारी बाई तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा बघितली.

सावड पैशानं फिटत नाही, हे तुला मी सांगायचं? तू माझ्या रानात राबला नाहीस तर मी तुझ्याकडून पैसे घेऊ का? मग तो रोजगार झाला. देश देशाकडून पैसे घेतो आणि पैसे परत करतो, ते तुमचं तुम्हाला ठीक. नवं कर्ज काढून जुनं फेडता, असं तूच एकदा लिहिलं होतंस, आणि आबांना ते अजिबात पटलं नव्हतं. इथं एका बाईला सत्तावीस वेळा परत पाठवलंय. ते तिच्या रानात जाऊनच फेडावं लागेल.

मार्चअखेर आहे, रजा मिळत नाही म्हणतोस. बारा वर्षं तू एक दिवस गावाला आला नाहीस, मग रजा गेली कुठं? साठलीच असेल.

आजवर तीनशे एक्केचाळीस दिवस भरले. सहाशे पाहिजेत. दिवस चौदा राहिले, आणि सगळ्यात वाईट पाषाण पुढं आहे. तू आलास, नाही आलास, काम होणार. काल अर्जुनरावाच्या घरून त्याची म्हातारी आई चारीवर आली. ऐंशी वर्षांची. पाटी उचलवेना तर खडे वेचत बसली. तिचं नाव मी लिहू लागले तर म्हणाली, "माजं नगं लिहू, मला काम व्हत न्हाई." त्यानंतर आज अर्जुनराव स्वतः पंधरा माणसं घेऊन आला. माझ्याकडं न बघता पहार मागितली. मी दिली.

मी पुन्हा लिहिणार नाही. तुझ्या नावाची ओळ मात्र वहीत आखून ठेवली आहे. ती कोरीच आहे. यावेळी मी तुझ्या नावानं हजर म्हणणार नाही.

आक्का


२५ मार्च २००४

सौ. विमल हिला आक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नवरा न सांगता बॅग भरून गेला आणि वीस दिवस झाले तरी परत नाही, तुला घोर लागणारच. त्याच्या ऑफिसातून सिरसाळ्याच्या फोनच्या बूथवर दोनदा निरोप आला. मी दोन्ही वेळा सांगितलं, कामावर आहेत.

सहा मार्चला तो आला. बूट, बॅग, चष्मा. परळीच्या गाडीतून उतरला आणि घरी न येता थेट माळावर गेला. मला कुणीतरी सांगत आलं. जाऊन बघते तर रतनबाईपुढं उभा. मान खाली. ती त्याला वरपासून खालपर्यंत बघत होती. म्हणाली, "लई वाळलास रं," आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. टँकरचं पाणी, घरात तेवढंच होतं. तो प्याला आणि लहान पोरासारखा रडला. मग मीही रडले. वच्छलाबाईनं आम्हा दोघांना दामटून घरी नेलं.

सात तारखेपासून कामाला लागला. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पहार चार वेळा हातातून निसटली. सटवानं धरायची कशी ते शिकवलं. अकराला रविवारसारखी अख्खी वाडी चारीवर होती. बाराला बँकेची माणसं आली, एक परदेशी बाई आणि एक मद्रासकडचे साहेब. साहेब चारीच्या कडेनं चालत आले आणि एकदम थांबले. साहेब आणि राधाकिशन दिल्लीत एकाच मजल्यावर बसलेले निघाले. "तुम्ही इथं काय करता?" त्यांनी हिंदीत विचारलं. राधाकिशननं कपाळ पुसलं आणि म्हणाला, "माझं गाव आहे. काम बाकी होतं."

सहाशे अकरा दिवस भरले होते, विमल. साहेबांनी वही पान पान बघितली, चार माणसांना नावानं हाक मारून विचारलं, आणि सही केली. दुसरा हप्ता सुटला. पाइप परळीच्या गोदामात तयारच होते, ते सगळे पडलेत, वीस तारखेला चारी बुजवायला घेतली. काल सकाळी वस्तीवर तोटी सोडली. आधी नुसता वारा सुसाटला, मग लाल पाणी, मग पांढरं. रतनबाईनं पहिला हंडा स्वतः नेला नाही, मेंढरांपुढं ओतला. मुंजाजीबुवा सारखे तोटी बंद करत होते, फुकट जाईल म्हणून.

आता तू विचारशील, काम झालं तर माणूस का येत नाही. मेंढरांना पाणी प्यायला वस्तीवर दगडी डोण बांधायचीय. तो तिथं दगड घडवतोय. मधे एक दिवस हात चिघळला, त्या दिवशी मी त्याच्या नावापुढं गैरहजर लिहिलं. माझ्याकडं बघत होता. वहीत रोज सही तो स्वतः करतो. हातांची काळजी करू नको, आता घट्टे पडलेत.

आज अठरावा दिवस लिहिला. नऊ राहिलेत. ते झाले की पाठवून देते.

तुझी आक्का